एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांनी सवयी कशा लावायच्या: कुठून सुरू करायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि चुळबूळ-उतावळेपणा आवरणं जड जातं अशी लहानपणापासूनची मेंदूची अडचण. ती असलेल्या माणसाने सवयींवरचे बहुतेक सल्ले वाचले की वाटतं हे लिहिणाऱ्याला कधी घराची किल्ली शोधावीच लागली नसणार. पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, रविवारी बसून पूर्ण आठवड्याचं प्लॅनिंग करा. अहो, हे आपण सगळ्यांनी करून बघितलंय, जानेवारीत आणलेल्या डायरीची पहिली चार पानं सुंदर अक्षरात भरलेली असतात आणि पुढचं सगळं कोरं, आणि त्यावरून घरात पुन्हा एकदा ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

रसेल बार्कली नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले, त्यांचं म्हणणं मला सगळ्यात पटतं. ते म्हणतात की एडीएचडीवाल्याला काय करायचं ते माहीत असतं, घोटाळा होतो तो माहीत असलेलं वेळेवर हातून होण्यात. म्हणजे लाईट बिल भरायचंय हे तुम्हाला दुपारी बसमध्ये आठवतं, रात्री अंघोळ करताना आठवतं, फक्त हातात मोबाईल असतो तेव्हा आठवत नाही. खाली जे काही लिहिलंय त्या सगळ्याच्या मागे हा एकच विचार आहे: आठवण डोक्यात ठेवायची नाही, जिथे ते काम होतं त्या जागी आणि त्या वेळी समोर येईल अशी ठेवायची.

आधी हे एडीएचडीच आहे का ते बघून घ्या

रील बघून स्वतःला लेबल लावू नका, आणि रील बघितली म्हणून शंका चुकीची असंही समजू नका. डॉक्टर ज्या निकषांवर तपासतात त्यात मोठ्या माणसात लक्ष न लागण्याच्या 9 लक्षणांपैकी किंवा चुळबूळ-उतावळेपणाच्या 9 पैकी किमान 5 असावी लागतात, त्यातली काही वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसलेली असावी लागतात आणि त्रास एकापेक्षा जास्त ठिकाणी असावा लागतो, म्हणजे फक्त ऑफिसात लक्ष लागत नाही आणि बाकी सगळं मस्त चाललंय तर कदाचित ऑफिसच कंटाळवाणं असेल. थायरॉईड, अपुरी झोप, रात्री घोरताना श्वास अडकणं, डिप्रेशन, सतत काळजी, यातल्या कशानेही अगदी असंच वाटू शकतं, म्हणून ते सगळं आधी तपासतात.

नेटवर एएसआरएस नावाची प्रश्नावली मिळते, त्यातले पहिले 6 प्रश्न चाळणीसारखे वापरतात. ती भरून प्रिंट घेऊन जा पण तिलाच निदान समजू नका. सोबत शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं सापडली तर न्या, "हुशार आहे पण लक्ष देत नाही", "वर्गात फार बोलतो" असे शेरे डॉक्टरांना खरंच उपयोगी पडतात. आणि शक्य असेल तर आईला किंवा मोठ्या बहिणीला बरोबर न्या, कारण आपल्याला आपलं लहानपण आठवतं त्यापेक्षा त्यांना बरंच जास्त आठवतं.

जायचं मानसोपचारतज्ज्ञाकडे. खासगी परवडत नसेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, मुंबईत केईएम, पुण्यात ससून. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, कुठे जायचं इथपासून विचारता येतं. "लोक काय म्हणतील" याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण लोक आत्ताही वेंधळा, धांदरट, आळशी म्हणतातच आहेत.

बायकांचं एक वेगळं सांगायला हवं. मुलीत चुळबूळ कमी आणि हरवलेपण जास्त असलं की शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही, पुढे लग्न, नोकरी, सगळ्या घराचं लक्षात ठेवायचं काम अंगावर पडतं आणि मग कोलमडायला होतं, आणि बऱ्याचदा मुलाचं निदान होताना आईला समजतं की अरे हे तर माझंच वर्णन आहे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात लक्षणं वाढल्याचं अनेकजणी सांगतात, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत नवीन काही सुरू करू नका.

पायरी पहिली: एकच गळती निवडा

सगळं आयुष्य सोमवारपासून सुधारायचं नाहीये. मागच्या महिन्यात कशामुळे सगळ्यात जास्त पैसे गेले किंवा सगळ्यात जास्त भांडणं झाली ते बघा आणि तेवढंच घ्या. कुणाचं रोज ऑफिसला उशीर होणं असेल, कुणाचं बिलांचे दंड, कुणाचं रात्री दोनपर्यंत जागणं.

आणि 21 दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला होता, 2010 साली छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, आणि कुणाला 18 तर कुणाला 254 असा अंदाज निघाला. ही सगळी खास एडीएचडीवाली माणसं नव्हती, तेव्हा आपलं गणित लांबच्या टोकाकडे धरा. त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली जी आपल्यासाठी सोन्यासारखी आहे, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही.

पायरी दुसरी: वस्तूंच्या जागा अशा लावा की विसरायला त्रास पडेल

दाराच्या आत हात पोचेल तिथे एक हुक, त्यावर किल्ल्या. शोभेचा ट्रे नको, त्यात बिलं, रबरबँड, सुटे पैसे जमा होतात आणि किल्ली खाली जाते. सकाळी न्यायची फाईल आदल्या रात्री बुटांवर ठेवा, हेल्मेट घालत असाल तर हेल्मेटमध्ये. डबा फ्रिजमध्ये राहतो ना, मग रात्री गाडीची किल्लीच फ्रिजमध्ये डब्यावर ठेवा, घरचे हसतील, हसू दे.

आपल्याला जे दिसत नाही ते नसल्यातच जमा असतं. म्हणून झाकणाच्या सुंदर डब्यांपेक्षा उघडी टोपली, बंद कपाटापेक्षा खुंट्या. खुर्चीवर जो कपड्यांचा डोंगर होतो, एकदा घातलेले पण धुवायचे नाहीत असे, त्याला शिस्त लावत बसू नका, खुर्ची उचला आणि त्या जागी भिंतीला चार खुंट्या ठोका. भाजी फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकली की ती कुजल्यावरच भेटते, तेव्हा भाजी डोळ्यासमोरच्या कप्प्यात आणि लोणची-सॉसच्या बाटल्या ड्रॉवरमध्ये.

भिंतीवर तारखांचं मोठं कॅलेंडर लावा, दुधाचा हिशोब लिहितो तसंच, आणि पेन दोरीने तिथेच बांधून टाका. पेन शोधायला गेलात की संपलं, तुम्ही पंधरा मिनिटांनी दुसऱ्या खोलीत जुने फोटो बघत बसलेले असता.

पायरी तिसरी: वेळ दिसली पाहिजे

आपल्याकडे वेळेचे दोनच प्रकार असतात, आत्ता आणि नंतर. म्हणून भिंतीवर काट्यांचं घड्याळ लावा, बाथरूममध्येसुद्धा, कारण सकाळचा अर्धा उशीर तिथे होतो. मोबाईलवर वेळ बघायला गेलं की मेसेज दिसतो आणि मग वेळ बघायची राहूनच जाते.

आता उशिराचं बघू. 9:12 ची लोकल पकडायची असेल तर आपण डोक्यात 9:12 धरतो आणि तिथेच मार खातो. उलटं मोजा, कागदावर. स्टेशनला चालत जायला लागतात 12 मिनिटं, जिना आणि प्लॅटफॉर्म 4, बूट-डबा-किल्ली 8, म्हणजे 8:48 ला बूट हातात पाहिजेत. अलार्म 8:48 चा लावा आणि त्याचं नाव "बूट" ठेवा. अलार्मला नुसतं "उठा" किंवा "निघा" असं नाव दिलं की आपण तो बंद करून पुन्हा जे करत होतो तेच करतो, हाताला काय करायचं ते नावात असलं की निदान पाय हलतात. एकदा सगळी कामं खरंच मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजून बघा, अंघोळीला पाच मिनिटं लागतात हा आपला समज असतो.

पायरी चौथी: सुरुवात

हा सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून इथे थोडं जास्त बोलतो. काम करायला बसल्यावर होतं, बसायलाच होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा आळस दिसतो आणि आत माणूस सोफ्यावर बसून स्वतःला शिव्या घालत असतो.

एक, कामाचं नाव बदला. "इन्कम टॅक्स भरणे" हे काम नाहीच, तो कामांचा ढीग आहे. त्यातलं पहिलं हाताने करायचं काय आहे, तर लॅपटॉप उघडून टॅक्सची वेबसाईट टाईप करणे. यादीत तेवढंच लिहा. "घर आवरणे" च्या जागी "ओट्यावरची भांडी सिंकमध्ये टाकणे", घासणंसुद्धा लिहू नका.

दोन, जर-तर. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, "मी व्यायाम करीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवलं की ते होण्याची शक्यता वाढते, आणि एडीएचडी असलेल्या मुलांवरही असे प्रयोग झालेत. आपल्या घरात "अमुक" साठी चिक्कार गोष्टी आहेत. कुकर गॅसवर चढला की ओटा पुसायचा, तिसरी शिट्टी झाली की थांबायचं. चहा उकळायला ठेवला की गोळीची डबी उघडायची. ऑफिसातून आल्यावर चपला काढल्या की डबा थेट सिंकमध्ये, पाठीवरची बॅग खाली ठेवायच्या आधी. जोडायचं ते रोज नक्की होणाऱ्या गोष्टीला जोडा, "सकाळी" किंवा "जेवणानंतर जरा वेळाने" हे चालत नाही.

तीन, कुणाच्या तरी शेजारी बसा. याला बॉडी डबलिंग म्हणतात पण पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीची पोरं वर्षानुवर्षं हेच करतायत, घरी खोली असून पैसे भरून अभ्यासिकेत जाऊन बसतात, कारण बाजूचा मान खाली घालून वाचत असला की आपलीही खाली जाते. मोठ्या माणसालाही हे चालतं. मित्राला व्हिडिओ कॉल लावा, दोघं आपापलं काम करा, माईक बंद. बायकोला किंवा नवऱ्याला सांगा की मी बँकेचे कागद लावतोय, तू फक्त इथे बसून तुझं काहीतरी कर, मदत नको, आणि मुख्य म्हणजे सूचना नको.

चार, टायमर. पोमोडोरो म्हणजे 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं सुट्टी, फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून नाव दिलेलं. माझं मत विचाराल तर नावडत्या कामाला 25 मिनिटं फार होतात, 10 नी सुरू करा, आणि सुट्टीत मोबाईल घ्यायचा नाही, पाणी प्या, गॅलरीत उभे राहा, कारण 5 मिनिटांची रील नावाची वस्तू अस्तित्वात नाही. कामात तंद्री लागली असेल आणि काम बरोबर तेच असेल तर टायमर वाजला तरी चालू ठेवा, फक्त जेवणाचा आणि मुलाला शाळेतून आणायचा अलार्म वेगळा असू दे, तो ऐकायचाच.

झोप, आणि मोबाईल त्याच्याबरोबरच

एडीएचडीवाल्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळच उशिरा चालतं, रात्री अकराला जगात शांतता होते आणि डोकं तेव्हा कुठे सुरू होतं. "दहाला झोपायचंच" या निश्चयाने काही होत नाही, झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र आपल्या हातात असते, ती एकच ठरवा, रविवारीसुद्धा फार तर तासभर पुढे, आणि उठल्यावर पडदे उघडून उजेडात बसून चहा घ्या. झोपेची वेळ मग हळूहळू मागे सरकते.

चार्जर बेडरूममधून काढून स्वयंपाकघरात लावा. अलार्मसाठी दीडशे-दोनशे रुपयाचं साधं घड्याळ आणा म्हणजे "अलार्मला लागतो" हे कारण उरत नाही. कॉफी-चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा शेवटचा कडक चहा चारच्या आत. दिवसाच्या मोबाईलसाठी ॲप लॉक करणारी ॲप्स आपण दोन दिवसांत हुशारीने उघडतो, त्यापेक्षा त्रास देणारं ॲप डिलीट करून ब्राउझरमधून वापरा, दर वेळी लॉगिन करायचा कंटाळा आपल्या बाजूने काम करतो.

गोळ्या, खाणं, चालणं

गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टर आणि तुम्ही ठरवा, मी घ्या किंवा नको असं काही सांगणार नाही. माहिती म्हणून सांगतो, भारतात मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन वापरतात. पहिलं त्याच दिवशी काम करतं, साधी गोळी तीन-चार तास आणि सावकाश विरघळणारी जास्त तास. दुसऱ्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत "काही होत नाहीये" म्हणून सोडू नका. मिथाइलफेनिडेट शेड्युल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ते नसतं. विसरभोळ्या माणसांच्या औषधाला इतकी कागदपत्रं, हा विनोद सरकारच्या लक्षात आला नसावा. तर स्ट्रिप संपायच्या दहा दिवस आधीचा अलार्म लावा आणि मेडिकलवाल्याला आधी फोन करून विचारा. मित्राची गोळी "बघू तरी" म्हणून कधीच नको, सुरू करताना ब्लडप्रेशर, नाडी, हृदयाचा काही इतिहास हे बघावं लागतं.

वारांची खणवाली डबी घ्या, मेडिकलमध्ये मिळते. गोळी घेतली का नाही हे आठवत नाही आणि दुसऱ्यांदा घेतली जाते, हा धोका खरा आहे. खण रिकामा म्हणजे घेतली, विषय संपला.

या गोळ्यांनी भूक मरते. दुपारी तीनपर्यंत काही खाल्लेलं नसतं आणि संध्याकाळी सात वाजता चिडचिड, डोकेदुखी आणि दोन वडापाव. त्यामुळे गोळीच्या आधी नाश्ता, पोहे चालतील पण त्यात भरपूर शेंगदाणे, किंवा उकडलेली अंडी, किंवा थालीपीठ-दही. दुपारी भूक नसली तरी डब्याचा अलार्म. टेबलाच्या खणात चिक्की, भाजलेले चणे, राजगिऱ्याचे लाडू, म्हणजे काही शिजवायला, ठरवायला लागणार नाही असं.

व्यायामाने काही वेळापुरतं लक्ष सुधारतं, म्हणून तो अवघड कामाच्या लगेच आधी करा, वीस मिनिटं झपाझप चालणं पुरतं. जिमची वर्षाची फी भरू नका. उत्साहाच्या पहिल्या आठवड्यात आपण बूट, बाटली, प्रोटीन सगळं घेतो, तो आठवडा संपल्यावर काय टिकतं ते बघा आणि मग महिन्याचे पैसे भरा.

पैसे

इथे सवय लावायच्या भानगडीत पडूच नका, जे काम आपोआप होऊ शकतं ते आपोआप करून टाका. लाईट, मोबाईल, इंटरनेट, कार्डाचं पूर्ण बिल ऑटोपेवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज येतो, आणि साधारण बिलांना 15,000 पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे रक्कम जास्त असेल तर ओटीपीसाठी तेवढं लक्ष ठेवा. एसआयपी आणि ईएमआयची तारीख पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या, 25 तारखेला खात्यात काय असेल हे आपण सांगू शकत नाही. शॉपिंग ॲपमधला सेव्ह केलेला कार्ड नंबर काढून टाका. रात्री दहानंतर जे काही हवंसं वाटेल ते कार्टमध्ये टाका आणि सकाळी बघा, निम्म्या गोष्टी ओळखूसुद्धा येत नाहीत. फुकट ट्रायल घेतलीत की त्याच मिनिटाला कॅन्सल करा, बहुतेक ठिकाणी ट्रायल तरीही शेवटपर्यंत चालते.

घरचे आणि ऑफिसवाले

घरच्यांना लेक्चर देऊ नका, एकच ठरलेली विनंती करा. "मला पाच कामं एकदम तोंडी सांगू नकोस, व्हॉट्सॲपवर टाक" एवढं आईला समजतं, मेंदूची केमिस्ट्री समजून सांगायची गरज नाही. ऑफिसात निदान सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण न सांगताही करता येतं, मीटिंग झाल्यावर दोन ओळींचा मेसेज टाका, "माझ्याकडे हे आणि हे आलंय, शुक्रवारपर्यंत, बरोबर ना?" लोकांना वाटतं काय व्यवस्थित माणूस आहे.

कुणी काही बोललं की आपल्याला जास्त लागतं आणि उत्तर लगेच द्यावंसं वाटतं. ते उत्तर लिहा, पण स्वतःच्याच चॅटमध्ये. सकाळी पाठवायचं वाटलं तर पाठवा.

मोडल्यावर

मोडणार आहे. दिवाळीत, गावी गेल्यावर, आजारपणात, किंवा काहीच कारण नसताना, कारण नवेपणा संपला. म्हणून आधीच प्रत्येक सवयीचं एक भिकार रूप ठरवून ठेवा: वीस मिनिटं चालण्याचं भिकार रूप म्हणजे बूट घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाणे, ओटा आवरण्याचं म्हणजे फक्त गॅस बंद आहे का बघून दूध फ्रिजमध्ये टाकणे. वाईट दिवशी तेवढंच. सुटलेल्या दिवसांची भरपाई करायची नाही, दुप्पट चालायचं नाही, जुनी डायरी भरत बसायची नाही.

एखादी युक्ती दोन आठवडे सलग चालेनाशी झाली की ती बदलून टाका, अलार्मचा आवाज बदला, हुकची जागा बदला, ॲप सोडून कागद घ्या, कागद सोडून ॲप. आपलं डोकं ओळखीच्या गोष्टी बघायचंच बंद करतं, फ्रिजवरची चिठ्ठी आठ दिवसांनी फ्रिजचाच भाग होते. आणि सगळंच एकदम ढासळलं, झोप, जेवण, काम, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर नव्या युक्त्या शोधत बसू नका, डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या, कारण एडीएचडीबरोबर डिप्रेशन असणं अजिबात दुर्मीळ नाही आणि त्याचा इलाज वेगळा असतो. जगणं नको असे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट बघू नका, त्याच वेळी 14416 लावा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.